सडा रिकामा कुणी केला?

नकाशाच्या डेटामध्ये दोन गोष्टी दिसायला सारख्या आणि अर्थाने एकदम वेगळ्या असतात. एक शून्य, दुसरी 'नो-डेटा'. शून्य म्हणजे तिथे मोजमाप झालं आणि काही सापडलं नाही. 'नो-डेटा' म्हणजे तिथे मोजायला कुणी गेलंच नाही, किंवा गेलेल्याची नोंद हरवली. बऱ्याच फायलींमध्ये अशा चौकोनात -९९९९ असा अशक्य आकडा भरून ठेवतात, म्हणजे कुणी त्याला खरा समजू नये. पण स्क्रीनवर रंग देताना दोन्ही पांढरे सोडले, की बघणाऱ्याला एकच दिसतं: रिकामं.

मी पोटासाठी असल्या फायली हाताळतो आणि उरलेल्या वेळात, बहुतेक पनवेलच्या लोकलमध्ये, फोनवर कादंबऱ्या वाचतो. हळूहळू लक्षात आलं की कादंबऱ्याही हा घोळ करतात. चांगल्या कादंबऱ्या जास्त करतात, कारण त्यांचं आपल्याला पटतं. या लेखात मला एक जगप्रसिद्ध कादंबरी आणि आपल्या कोकणावरच्या काही मराठी कादंबऱ्या या एकाच प्रश्नासाठी वाचायच्या आहेत: जिथे घर नाही, झाड नाही, अशा जमिनीकडे लेखक कसा बघतो?

पोहणारी माणसं

मायकेल ओंडात्जेची 'द इंग्लिश पेशंट' १९९२ साली आली आणि तिला त्या वर्षीचं बुकर विभागून मिळालं. १९९६च्या चित्रपटाने नऊ ऑस्कर मिळवली, त्यामुळे अनेकांना ही गोष्ट पडद्यावरूनच माहीत आहे. दुसरं महायुद्ध संपत आलंय. इटलीतल्या एका पडक्या व्हिलात जळून ओळख पुसलेला एक रुग्ण पडलेला आहे. त्याची शुश्रूषा करणारी हॅना, जुना चोर कॅराव्हॅजिओ आणि बॉम्ब निकामी करणारा शीख सैनिक किप असे तिघं त्याच्याभोवती आहेत. रुग्णाच्या आठवणी मात्र सगळ्या एका वाळवंटी पठाराकडे जातात. त्या पठाराचं नाव गिल्फ केबीर.

हे पठार खरोखर आहे. इजिप्तच्या नैर्ऋत्य कोपऱ्यात, लिबिया आणि सुदानच्या सीमांजवळ. वालुकाश्माचं, सपाट माथ्याचं, भोवतालच्या वाळवंटापासून साधारण ३०० मीटर उंच उठलेलं. क्षेत्रफळ साडेसात हजार चौरस किलोमीटरच्या वर, म्हणजे आपल्या रत्नागिरी जिल्ह्याहून थोडंच कमी. वर्षानुवर्षं पाऊस नाही. हंगेरियन प्रवासी लास्लो अल्माशी याला १९३३ साली तिथल्या एका उथळ गुहेत चित्रं सापडली: हातपाय पसरून तरंगणारी छोटी माणसं. पोहणारी. ओंडात्जेचा रुग्ण याच अल्माशीवरून बेतलेला आहे.

वाळवंटात पोहणारी माणसं कुणी का काढावीत? अल्माशीचं उत्तर होतं की चित्र काढणाऱ्यासमोर पाणी होतं, हवामान बदललं. काही अभ्यासक आज म्हणतात की ती माणसं पोहत नाहीत, ते मृतांचे तरंगणारे आत्मे आहेत. पण सहारा काही हजार वर्षं हिरवा होता, तिथे तळी होती, गुरं चरत होती, आणि साधारण पाच हजार वर्षांपूर्वी तो कोरडा होत गेला, हे आता भूगर्भशास्त्रात पक्कं आहे. म्हणजे चित्राचा अर्थ अल्माशीने चुकीचा लावला असला, तरी पाण्याबद्दल तो बरोबर होता. मला हे फार आवडतं. एका माणसाने चित्र वाचून पाऊस ओळखला.

कादंबरी या पठाराचं काय करते? तिचा रुग्ण सांगतो की वाळवंट कुणाच्या मालकीचं होऊ शकत नाही, तिथे देश आणि आडनावं गळून पडतात. हे वाचताना अंगावर काटा येतो. पण थोडं थांबून विचारलं, की हे कुणाला परवडतं? ज्याच्याकडे मोटार आहे, विमान आहे, राजधानीतल्या भूगोलसंस्थेचा पाठिंबा आहे, त्याला. झरझुरा नावाचं 'हरवलेलं' मरूद्यान शोधायला ही मंडळी निघाली, तेव्हा पठाराच्या दऱ्यांत कुठे बाभळी आहेत आणि कधी चारा उगवतो, हे तेबू गुराख्यांना ठाऊक होतं. ते तिथे उंट चारत. त्यातल्या एका दरीला आजही अब्द अल मलिक या गुराख्याचंच नाव आहे. त्यांच्या दृष्टीने काहीच हरवलेलं नव्हतं. कादंबरीत भाजलेल्या रुग्णाला वाचवणारे बदाऊनी येतात, त्यांचं वैद्यक, त्यांचा मलम, त्यांचं मौन सगळं सुंदर येतं. पण नावं येत नाहीत. नावं युरोपियन माणसांना आहेत, स्थानिकांना हात आहेत.

आणि ती गुहा? प्रेयसी कॅथरिन तिथे मरते. हजारो वर्षं जुनी चित्रं एका प्रेमकथेच्या शेवटाची भिंत होतात. चित्रपटात तर पठारही खरं नाही. वाळवंटाचं चित्रीकरण ट्युनिशियात झालं, गुहा उभी केली. जगभरच्या लाखो लोकांच्या डोक्यातलं गिल्फ केबीर दुसऱ्याच देशातलं आहे.

तरीही मी ही कादंबरी निकालात काढत नाही, आणि त्याचं कारण किप आहे. रुग्णाला जमीन रिकामी दिसते. किपला कुठलीच जमीन रिकामी दिसत नाही, कारण तिच्यात सुरुंग असू शकतो. पियानोत, घड्याळात, चिखलात. तो गुडघ्यावर बसून, वायर हातात धरून जमीन वाचतो. इंजिनिअर म्हणून मला तो कादंबरीतला खरा भूगोलतज्ज्ञ वाटतो. शेवटी हिरोशिमाची बातमी येते आणि किप या सगळ्या संस्कृतीकडे पाठ फिरवून मोटरसायकलवरून निघून जातो. गोऱ्यांच्या देशावर त्यांनी असा बॉम्ब टाकला नसता, हे त्याला उमगलेलं असतं. कुणाची जमीन 'रिकामी' धरली जाते, या प्रश्नाचं याहून कडक उत्तर कादंबरीत दुसरं नाही. चित्रपटाने हिरोशिमाच गाळलं. किपचा राग गेला, वाळूच्या सुंदर लाटा राहिल्या. नऊ ऑस्कर त्या राहिलेल्या भागाला मिळाली.

आपला दगड

आपल्याकडे वाळवंटी वालुकाश्म नाही. पण सपाट, उघडं, 'तिथे काही नाही' म्हणून ओळखलं जाणारं पठार आहे, आणि त्यावरही चित्रं आहेत. रत्नागिरी-राजापूरकडचा सडा.

सडा जांभ्याचा असतो. जांभा म्हणजे धुऊन धुऊन उरलेला दगड. उष्ण हवा आणि मुसळधार पाऊस यांनी मूळ खडकातली विरघळणारी द्रव्यं लाखो वर्षं वाहून नेली, मागे लोह आणि अ‍ॅल्युमिनियमची संयुगं राहिली. म्हणून तो लाल आणि सच्छिद्र. खाणीतून काढताना तुलनेने मऊ, उघड्यावर राहिला की टणक. फ्रान्सिस बुकानन याने केरळात तो पाहिला आणि १८०७ साली विटेच्या लॅटिन शब्दावरून त्याचं 'लॅटेराइट' हे नाव रूढ केलं. आपण त्याला चिरा म्हणून घरात रचतो.

एप्रिलमध्ये सड्यावर उभं राहिलं तर चपलेच्या तळातून चटका लागतो आणि डोळ्यांसमोर खरंच वाळवंट असतं. जुलैत त्याच जागी पायाखाली पाणी असतं. खळग्याखळग्यांत तळी साचतात, बेडूक ओरडतात, गेंद आणि सीतेची आसवं फुलतात, किडे खाणारी दवबिंदू वनस्पती दिसते. कोकणच्या सड्यांपलीकडे फारशी कुठे न आढळणारी दीपकाडी पहिल्या पावसानंतर वर येते. मुख्य म्हणजे हा दगड पाणी पितो. वर पडलेला पाऊस आत मुरतो आणि पायथ्याला झरा, पऱ्या, विहीर होऊन निघतो. खालच्या वाडीतली पोफळ वरच्या कातळाच्या जिवावर हिरवी असते.

आणि कातळशिल्पं. सुधीर रिसबूड, धनंजय मराठे आणि सुरेंद्र ठाकुरदेसाई यांनी गेल्या काही वर्षांत गावोगाव पायी फिरून शेकडो आकृत्या नोंदवल्या. हत्ती, वाघ, गेंडा, शार्क, स्टिंगरे, माणसं आणि ज्यांना आपल्याकडे शब्दच नाही अशा भौमितिक चौकटी. कशेळीचा हत्ती सुमारे १८ मीटर लांब आहे आणि त्याच्या पोटात इतर प्राण्यांची गर्दी आहे. कोकणात आज गेंडा नाही. मग कोरणाऱ्याने तो कुठे पाहिला? अल्माशीचा प्रश्न इथे जसाच्या तसा उभा राहतो. या आकृत्यांचं वय अजून वादात आहे, पण त्या शेतीपूर्व काळातल्या, दहा हजार वर्षांच्या आसपासच्या असाव्यात असं अनेक अभ्यासक मानतात. २०२२मध्ये युनेस्कोच्या तात्पुरत्या यादीत कोकणातली नऊ ठिकाणं गेली: रत्नागिरी जिल्ह्यातली कशेळी, रुंढेतळी, देवीहसोळ, बारसू, देवाचे गोठणे, जांभरुण आणि उक्षी, सिंधुदुर्गातलं कुडोपी, आणि गोव्यातलं फणसायमळ.

बातम्यांत याला 'शोध' म्हणतात. शोधणाऱ्यांचं काम मोठं आहे, त्यांनी गावकऱ्यांना विचारत विचारतच ते केलं. पण कुडोपीतल्या त्या जागेला गावात पूर्वीपासून बाहुल्यांचं टेंब म्हणतात. नावातच बाहुल्या आहेत. म्हणजे तिथे डेटा होता. आपल्या फायलीत नव्हता.

पोफळीपर्यंत आलेली कादंबरी

आता मराठी कादंबरीकडे. श्री. ना. पेंडशांची 'गारंबीचा बापू' (१९५२), गो. नी. दांडेकरांची 'पडघवली' (१९५५), खानोलकरांची 'कोंडुरा' (१९६६), पेंडशांचीच दोन खंडांची 'तुंबाडचे खोत' (१९८७). या पुस्तकांनी माझ्यासारख्या, पनवेलच्या अलीकडेच वाढलेल्या पोराला कोकण दिलं. त्यांच्याबद्दल कृतज्ञ राहूनच हे म्हणतोय.

ही कादंबरी पाण्याच्या काठाने चालते. तुंबाडच्या खोतांच्या पिढ्या जगबुडी नदीच्या काठी उभ्या राहतात आणि कोसळतात. बापूची सगळी ऊर्जा गारंबीतल्या माणसांशी आणि सुपारीच्या व्यापाराशी झुंजण्यात जाते. पडघवलीचं दुःख गाव ओस पडण्याचं आहे. भीती, श्रद्धा, वासना, भाऊबंदकी, सगळं घर, आगर, खाडी, देऊळ या पट्ट्यात घडतं. सडा माझ्या मनात यातल्या एकाही पुस्तकातून उरला नाही. उरलाच असेल तर ओलांडायची जागा म्हणून: एका गावाहून दुसऱ्या गावाला जाताना, उन्हात, घाईने.

याला लेखकांची नजर कमी पडली असं मी म्हणणार नाही. पेंडशांइतकी जमिनीची जाण असलेले लेखक थोडे. मला वाटतं कारण कादंबरीच्या रचनेत आहे. आपली कोकणी कादंबरी वारशाची कादंबरी आहे. तिला घर लागतं, हिस्सा लागतो, कोर्टात भांडता येईल अशी कलमं लागतात. खोतीचं जगच जमिनीच्या हक्कावर उभं होतं. डॉ. आंबेडकरांनी १९३७ साली मुंबई विधिमंडळात खोती रद्द करण्याचं विधेयक मांडलं आणि १९४९ साली कायदा झाला, तेव्हा वाद लागवडीच्या जमिनीचा होता. सड्यावर मात्र ज्यांचा रोजचा पाय पडत होता, ती माणसं बहुतेक मालक नव्हती. गुरं नेणारे, गवत कापणाऱ्या बायका, मुरमाड तुकड्यात नाचणी-वरी काढणारी कुळं, धनगरवाड्यावरची माणसं. त्यांच्या हाती सडा होता, कादंबरी नव्हती. वारसा सांगणाऱ्या गोष्टीत ज्या जमिनीला वारस नाही ती जमीन मावत नाही.

ओंडात्जेचा दोष उलटा आहे. त्याला पठार इतकं आवडतं की तिथली माणसं पुसट होतात. आपल्या कादंबऱ्यांना माणसं इतकी आवडतात की पठार पुसट होतं. परिणाम एकच: पांढरा चौकोन.

आजच्या मोबाइलवरच्या कोकणानेही तो भरलेला नाही. पावसात ड्रोन वर जातो, खाली हिरवा गालिचा, मागे संथ संगीत, 'स्वर्गाहून सुंदर'. एप्रिलचा सडा कुणी टाकत नाही. शिवाय ड्रोनमुळे एक गंमत हरवते. कशेळीचा हत्ती जमिनीवर उभं राहून एका नजरेत नीट मावत नाही. त्याच्या कडेने चालावं लागतं, सोंडेपासून सुरुवात करून पायापर्यंत, आणि आकार डोक्यात जुळवावा लागतो. कोरणाऱ्यानेही तो असाच, वाकून, हातहातभर केला असणार. वरून घेतलेला फोटो उपयोगी आहे, नोंदीसाठी हवाच. पण हे शिल्प चालत वाचायचं आहे, असं मला वाटतं.

पांढऱ्या चौकोनाची किंमत

हा नुसता साहित्यिक वाद असता तर मी इतकं लिहिलं नसतं. पण साहित्याने जे सोडलं ते सरकारी कागदाने भरलं, आणि कागदाचे शब्द ठरलेले आहेत. सातबाऱ्यावर 'पोटखराब'. बोलण्यात 'पडीक'. केंद्राचा भूसंसाधन विभाग आणि हैदराबादचं राष्ट्रीय सुदूर संवेदन केंद्र मिळून देशाचा पडीक जमिनींचा अ‍ॅटलास काढतात, त्यात उघड्या खडकाळ जमिनीचा स्वतंत्र वर्ग आहे. उपग्रहाला दगड दिसतो, हे खरंच आहे. त्याला बाहुल्यांचं टेंब दिसत नाही, मुरणारं पाणी दिसत नाही, आणि ढगांमुळे नेमका पावसाळ्यातलाच सडा दिसत नाही.

२०२३च्या एप्रिलमध्ये बारसूच्या सड्यावर रिफायनरीसाठी माती परीक्षणाची ड्रिलिंग सुरू झाली, पोलीस आले, आणि गावकरी, त्यात खूप बायका, भर उन्हात कातळावर बसून राहिल्या. त्या दिवसांत माझ्या फोनवर दोन्ही बाजूंचे मेसेज येत होते. प्रकल्पाच्या बाजूचं सर्वांत सोपं वाक्य होतं: तिथे आहे काय, नुसता कातळ. रोजगाराचा मुद्दा मी हलका समजत नाही. कोकणातली पोरं मुंबई-पुण्याला का येतात हे मला कुणी सांगायला नको. मी विचुंब्यात ज्या इमारतीत राहतो, तिथे भातखाचरं होती. जवळच्या नव्या विमानतळासाठी उलव्याची टेकडी कापून सपाट केली, आणि त्या विमानतळाच्या भरवशावर इकडचे सगळे फ्लॅट विकले जातात. म्हणून 'बदल नको' असं म्हणण्याचा मला हक्क नाही. पण सौदा करताना वस्तूचं वर्णन खरं हवं. 'इथे अमुक आहे, तरी आम्हाला ते द्यायचंय' हे एक वाक्य. 'इथे काहीच नाही' हे दुसरं. दुसऱ्या वाक्यात भाव पडलेला असतो.

आमच्या घरात ही चर्चा सध्या चालू आहे. राजापूर तालुक्यात आमचा सामायिक तुकडा आहे, बहुतेक सगळा सड्यावर, सातबाऱ्यावर पोटखराब. मागच्या वर्षी एक एजंट आला. फॅमिली ग्रुपवर डोंबिवलीच्या दादाने लिहिलं, देऊन टाकू या, दगडच तर आहे. त्यावर गावच्या काकीने चार मिनिटांचा व्हॉइस मेसेज टाकला. विकू नका, असं ती एकदाही म्हणाली नाही. तिला घराचं छप्पर करायचंय, पैसे तिलाही हवेत. तिने फक्त यादी सांगितली: पावसात गुरं कुठे पाणी पितात, गवताचे भारे कुठून येतात, जुनी नाचणी कुठे पिकायची, खालच्या विहिरीचं पाणी वरच्या कुठल्या खळग्यावर अवलंबून आहे, कुठल्या फडीवर पाऊल टाकलं की पोकळ आवाज येतो. प्रत्येक जागेला नाव होतं. शेवटी म्हणाली, "आता सांगा त्याला, कितीचा दगड."

मी वाचलेल्या कुठल्याही कोकणी कादंबरीत सड्याचं इतकं सविस्तर वर्णन नाही.

म्हणून भूप्रदेशावरचं कुठलंही पुस्तक हातात घेतलं की मी आता तीन गोष्टी तपासतो. जागांची नावं कुणी ठेवली? लेखक तिथे कुठल्या ऋतूत उभा आहे? आणि तिथे रोज पायी जाणाऱ्याला तो बोलू देतो का? 'द इंग्लिश पेशंट' पहिल्या प्रश्नात नापास होते आणि किपमुळे तिसऱ्यात निम्मी पास होते. आपल्या मोठ्या कोकणी कादंबऱ्या पावसाळा आणि माणूस दोन्ही जाणतात, फक्त सड्यापर्यंत येत नाहीत. कुणीतरी सड्याची कादंबरी लिहायला हवी: घर नसलेली, वारस नसलेली, गवत कापणारीच्या पावलांनी चालणारी. आज विशी-तिशीत असलेल्या, गावाहून आलेल्या कुणाच्या तरी फोनमध्ये तिची सामग्री व्हॉइस मेसेजच्या रूपात पडलेली असणार.

तोवर मला जे काम येतं ते मी सुरू केलंय. ओपनस्ट्रीटमॅपवर आमच्या भागातला सडा 'उघडा खडक' एवढाच रंगवलेला होता. काकीला फोन करून एकेक जागा विचारतो, ती शेजारच्या पोराला घेऊन तिथे जाते, तो लोकेशन पाठवतो, मी नाव भरतो. एजंट बघेल तो नकाशाही बहुधा असलाच कुठला तरी असेल. आतापर्यंत अकरा नावं झाली. काकी म्हणते, पावसाळ्यातली अजून सांगितलीच नाहीत.